चाळिसाव्या नमुन्यानंतर

कारखान्यात त्यांना सगळे झटकेसाहेब म्हणत. माणूस इतका संथ, की चहा निवला तरी त्यांचं एक वाक्य पुरं होत नसे. पण काम विजेच्या झटक्यांचं होतं, म्हणून नाव पडलं झटकेसाहेब. तपासणी विभागात त्यांची सव्वीस वर्षं झाली होती. वय त्रेपन्न. लग्न करायचं नाही असं त्यांनी काही ठरवलं नव्हतं. वडिलांचं लांबलेलं आजारपण आलं, मग नोकरीतली गडबड आली, आणि राहिलं ते राहूनच गेलं. मेव्हणे गेल्यापासून थोरली बहीण त्यांच्याकडे राहायला आली होती. तिला ते ताई म्हणत आणि तिच्यापासून सहसा काही लपवू शकत नसत.

त्या वर्षी कारखान्यात बनणाऱ्या विजेच्या मोटारींवर संकट आलं. वीस-वीस वर्षं कुरकूर न करता फिरणाऱ्या मोटारी आठ-दहा महिन्यांत जळून परत यायला लागल्या. कारण लवकर कळलं. गिऱ्हाइकांनी वेग कमी-जास्त करायला नवी इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह बसवली होती. ही ड्राइव्ह सेकंदाला हजारो वेळा वीज तोडते आणि जोडते. प्रत्येक वेळी व्होल्टेजची एक उभी लाट निघते, लांबलचक केबलमधून धावत येते आणि मोटारीच्या तोंडाशी आपटून जवळजवळ दुप्पट होते. आत तांब्याच्या तारेचे वेढे असतात. ही लाट सगळ्या वेढ्यांत सारखी वाटली जात नाही. गर्दीत दाराशी उभा असलेला माणूस धक्के खातो आणि आतल्याला पत्ताही नसतो, तसं पहिल्या चार-पाच वेढ्यांचं होतं. तारेवरचा लेप केसाहून पातळ. तो एकदा फुटला की मोटार संपली.

झटकेसाहेबांकडे या लाटेचं मॉडेल बांधायचं काम आलं. कॉम्प्युटरमध्ये एकेक वेढा मांडायचा, त्याचं शेजारच्या वेढ्याशी आणि भोवतीच्या लोखंडाशी काय नातं आहे ते आकड्यांत लिहायचं, आणि लाट आत शिरल्यावर कुठल्या दोन तारांमध्ये किती ताण येतो ते काढायचं. चार महिन्यांत मॉडेल उभं राहिलं. दिसायला देखणं होतं. पण खऱ्या मोटारीवर मोजलं की सगळंच बिनसायचं. मॉडेल म्हणे लाटेचा वीस टक्के ताण, मोटार म्हणे साठ.

मोठ्या साहेबांनी कागद पाहिले आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"तुझे वेढे शाळेतल्या मुलांसारखे नंबराने रांगेत उभे आहेत," ते म्हणाले. "खऱ्या मोटारीत ते असे बसतात का?"

"नाही. हाताने भरतात. कुठेही पडतात."

"मग कुठे पडतात ते वाइंडिंगवाल्यांना विचार. मला काय दाखवतोयस?"

अशा रीतीने वाइंडरबाई तपासणी विभागात आल्या.

बाई एकोणपन्नास वर्षांच्या होत्या. वाइंडिंग खात्यात बावीस वर्षं मोटारींमध्ये तारेच्या कॉइली भरत होत्या. अंगाने लहानखुऱ्या, पण बोटं लांब आणि टोकाशी थोडी चपटी झालेली. नवरा नऊ वर्षांपूर्वी गेला. एकुलती एक मुलगी समुद्रापलीकडे नोकरीला होती, तिथेच तिने संसार थाटला होता आणि आता तिला दिवस गेले होते. "इथलं काम उरकलं की येते," असं बाईंनी तिला सांगून ठेवलं होतं.

"वेढे कुठे पडतात ते मोजायचं?" बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं. "ते कुठेही पडतात, साहेब."

"कुठेही म्हणजे कुठे, तेच मोजायचंय."

बाईंनी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. मग ओढणी कमरेला खोचली आणि म्हणाल्या, "बरं. द्या तार."

पद्धत अशी ठरली. बाई साच्यावर बत्तीस वेढ्यांची कॉइल गुंडाळायच्या. एका टोकाला सगळे वेढे कापून मोकळे करून प्रत्येकाला कागदाचा चिमुकला झेंडा लावायच्या, एक ते बत्तीस. मग नेहमीच्या हाताने कॉइल लोखंडी खाचेत भरायच्या. ती खाच रेझिन ओतून गोठवायची, दुसऱ्या दिवशी करवतीने आडवी कापायची आणि घासून गुळगुळीत करायची. कापलेल्या तोंडावर तांब्याचे बत्तीस ठिपके दिसायचे. कुठला ठिपका कितवा वेढा हे मात्र नुसतं बघून कळायचं नाही. त्यासाठी दोन माणसं लागत. झटकेसाहेब मीटरची सुई एका ठिपक्यावर टेकवायचे आणि बाई दुसरी सुई झेंड्यांवरून फिरवायच्या. योग्य तारेला लागली की मीटर वाजायचं आणि बाई आकडा सांगायच्या.

"सात."

"सात," साहेब लिहायचे.

"एकोणतीस."

"एकोणतीस. सातच्या शेजारी एकोणतीस?"

"मला काय विचारता? तारेला विचारा."

एका नमुन्याला तास-दीड तास लागायचा. टेबल अरुंद होतं. खिडकीतून गोदामाची पत्र्याची भिंत दिसायची आणि दुपारी तिच्यावरून परतलेलं ऊन बाईंच्या हातांवर पडायचं. कामाच्या वेळी दोघं फारसं बोलत नसत. आकड्यांच्या मधल्या जागेत थोडं थोडं बोलणं व्हायचं. मुलीला लहानपणी अंधाराची भीती नव्हती पण फुग्यांची होती. नवऱ्याला शिट्टी वाजवता यायची नाही आणि तो रोज प्रयत्न करायचा. साहेबांनी वडिलांची सात वर्षं सेवा केली, आणि ते गेल्यावर पहिल्यांदा घड्याळ न बघता जेवले तेव्हा रडू आलं. हे त्यांनी ताईलाही सांगितलं नव्हतं.

बाई आकडे सांगायच्या तेही आपल्या ढंगाने. "बावीस" म्हणताना दुसरं अक्षर किंचित लांबवायच्या. "अकरा" झटकन टाकायच्या. महिन्याभरात साहेबांच्या लक्षात आलं, की आपण घराचे जिने चढताना पायऱ्या मोजतोय आणि त्या बाईंच्या आवाजात मोजतोय. सुट्टीचा दिवस लांबच लांब वाटायला लागला. पूर्वी सुट्टीला ते दहापर्यंत झोपायचे. आता साडेसहाला उठून खिडकीशी बसत.

"काय रे, कारखान्यात काही हरवलंय का तुझं?" ताईने विचारलं.

"काम आहे थोडं डोक्यात."

"काम डोक्यात असलं की तू कपाळाला आठ्या घालतोस. आत्ता नाहीयेत."

साहेबांनी वर्तमानपत्र उघडलं. ते आदल्या दिवशीचं होतं.

काम नीट चाललं होतं, हीच पंचाईत होती. पंचविसाव्या नमुन्यापासून मॉडेल आणि मोटार यांची उत्तरं जुळायला लागली. पहिला वेढा शेवटच्यांच्या कुशीत पडला की लाटेचा जवळजवळ सगळा ताण त्या दोन तारांमध्ये यायचा. खरी मेख तिथेच होती. नमुना पस्तीस, छत्तीस, सदतीस. सरासरी बासष्ट टक्क्यांवर येऊन थांबली आणि हलेना. चाळिसावा नमुना झाला तेव्हा साहेबांना स्वच्छ कळलं, की आता शंभर नमुने कापले तरी नवीन काही समजणार नाही. काम संपलं होतं.

बाईंनी सुई खाली ठेवली. "झालं का, साहेब? चाळीस म्हणाला होतात."

साहेबांनी वहीकडे पाहिलं. "आकडे अजून फार विखुरलेत," ते म्हणाले. "आणखी वीस करावे लागतील."

"बरं," बाई म्हणाल्या आणि तार आणायला गेल्या.

मोठ्या साहेबांनाही त्यांनी तेच सांगितलं. सव्वीस वर्षांत आकड्यांच्या बाबतीत झटकेसाहेब खोटं बोलले नव्हते. एखाद्या मोटारीला त्यांनी नापास म्हटलं तर कुणी दुसऱ्यांदा विचारायचं नाही. मोठे साहेब म्हणाले, "तू म्हणतोस तर कर." आपल्यावरचा हा विश्वास साहेबांना त्या दिवशी बोचला. पण दुसऱ्या दिवशी अकरा वाजता बाई टेबलाशी बसल्या, "चार" म्हणाल्या, आणि ते सगळं विसरले.

साठाचे ऐंशी करायचे ठरले. साहेब ठिपक्यांचे नकाशे वहीत काढत होते, पण पुढची गणितं करत नव्हते. ज्याचं उत्तर ठाऊक आहे ते गणित कशाला करायचं? मधूनमधून बाई मुलीबद्दल सांगायच्या. तिला सातवा लागला होता. डॉक्टरांनी जिने चढू नको म्हटलं होतं. ती फोनवर विचारायची, आई, तुझं काम संपलं का. साहेबांच्या हातातली सुई अशा वेळी ठिपका सोडून बाजूच्या रेझिनवर टेकायची आणि मीटर वाजायचं नाही.

"वाजत नाहीये, साहेब."

"हो. चुकलं माझं."

खोटं वागणं त्यांना जमत नव्हतं आणि खरं बोलण्याचं धाडस होत नव्हतं. घरी ताईने जेवताना सरळच विचारलं, "त्या बाई किती दिवस आहेत अजून?"

"कुठल्या बाई?"

"ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. रोज काही ना काही त्यांचंच सांगतोस. काल तर त्यांच्या नवऱ्याला शिट्टी यायची नाही, तेही सांगितलंस."

साहेबांनी ताट थोडं पुढे सरकवलं. मग म्हणाले, "त्यांना मुलीकडे जायचंय. मी जाऊ देत नाहीये." आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं.

ताईने पाण्याचा पेला खाली ठेवला. ओरडली नाही. "तिकडे पोटुशी पोर आईची वाट बघतेय," ती म्हणाली, "आणि तू तारा मोजतोयस."

त्याच आठवड्यात मोठ्या साहेबांनी सगळ्या नमुन्यांचा तक्ता मागितला. आता गणितं करणं भागच होतं. साहेबांनी चाळिसापुढचे अठ्ठ्याहत्तरापर्यंतचे नकाशे कॉम्प्युटरमध्ये भरले आणि बासष्टची सपाट रेघ बघायच्या तयारीने बसले.

रेघ सपाट नव्हती. सेहेचाळिसाव्यापर्यंत ठीक होती. मग ताण अठ्ठावन्न टक्के आला. मग त्रेपन्न. साठाव्याला सत्तेचाळीस. त्यानंतरच्या अठरा नमुन्यांत ताण अडतीसच्या वर गेलाच नव्हता. साहेबांना वाटलं मॉडेल बिघडलं. त्यांनी ते पहिल्यापासून तपासलं, नकाशे पुन्हा भरले. उत्तर तेच. मग ते वहीतली पानं शेजारी शेजारी ठेवून नुसते बघत बसले. जुन्या नमुन्यांत एक, दोन, तीन, चार हे वेढे जत्रेत हरवल्यासारखे कुठेही सापडत होते. नव्या नमुन्यांत ते चारही खाचेच्या तळाशी एका अंगाला होते आणि तीस, एकतीस, बत्तीस तोंडाशी. मध्ये बाकीच्यांची भिंत.

असं आपोआप होत नसतं.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या तेव्हा टेबलावर नमुना नव्हता, फक्त तो आलेख होता.

"बसा, बाई. आधी मला एक सांगायचंय," साहेब म्हणाले. आज त्यांचं वाक्य अडखळत नव्हतं. "चाळिसाव्या नमुन्यालाच माझं काम झालं होतं. आकडे विखुरलेत हे खोटं होतं. तुम्ही जाऊ नये म्हणून मी बोललो. तुमच्या मुलीला तुमची गरज होती आणि मी तुम्हाला इथे अडकवून ठेवलं. मला माफ करा असं म्हणायचीही लाज वाटतेय."

बाईंनी आलेख स्वतःकडे ओढला. बासष्टच्या रेघेवरून बोट फिरवत नेलं आणि जिथे ती उतरायला लागली तिथे थांबवलं.

"मला कळत नव्हतं होय?" त्या म्हणाल्या. "मीटर मी पण ऐकते, साहेब. तिसाव्यानंतर तुम्ही आकडा लिहून मान हलवायचं सोडून दिलं होतं. नवीन काही सापडलं की तुमची मान हलते."

"मग तुम्ही का थांबलात?"

"तुमचं काम झालं होतं, म्हणून मी माझं सुरू केलं. सात आणि एकोणतीस शेजारी, दोन आणि एकतीस शेजारी, हे रोज माझ्याच तोंडाने सांगत होते. बावीस वर्षं मी भरलेल्या मोटारी अशाच जळत असणार. घरी जाऊन झोप लागायची नाही. मग साच्यावर असतानाच पहिल्या चार वेढ्यांना दोऱ्याची सैल गाठ मारायला लागले. ते चार आधी तळाशी बसवायचे, मग दोरा ओढून घ्यायचा आणि बाकीचे भरायचे. सुरुवातीला हात वळत नव्हता. आता दोन मिनिटांच्या वर लागत नाहीत."

"मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर काम संपलं असतं की."

साहेबांनी विचारलं, "म्हणजे फक्त त्या गाठीसाठी थांबलात?"

बाई खिडकीबाहेरच्या पत्र्याकडे बघत म्हणाल्या, "फक्त गाठीसाठी असतं तर साठ पुरले असते."

मग त्यांनी आलेखाची घडी घातली, उलगडली आणि पुन्हा घातली. "मुलीला खोटं मी सांगितलं, साहेब. ते तुमच्या डोक्यावर घेऊ नका. अठरा तारखेचं तिकीट आहे. काल काढलं. आज सांगणारच होते."

अठरा तारीख नऊ दिवसांवर होती.

साहेब तसेच उठून मोठ्या साहेबांकडे गेले आणि उभ्या उभ्या खरं काय ते सांगितलं. मोठ्या साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तू खोटा आकडा दिलास? तू?"

"आकडे खरे आहेत. त्यांचा अर्थ मी खोटा सांगितला."

"का?"

साहेबांची नजर खाली गेली. मोठे साहेब त्यांना पंचवीस वर्षं ओळखत होते. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. फक्त म्हणाले, "लेखी कबुली दे. पगारवाढ या वर्षी विसर. आणि अहवाल पंधरापर्यंत पाहिजे."

अहवाल चौदाला झाला. मुखपृष्ठावर दोन नावं होती आणि बाईंचं वर होतं. बाईंनी ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि म्हणाल्या, "हे चुकून वर-खाली झालंय का?" साहेब म्हणाले, नाही. त्या आठ दिवसांत बाईंनी खात्यातल्या सहा जणींना गाठ शिकवली. सतराला संध्याकाळी खात्याने त्यांना निरोप दिला. कुणीतरी भाषण केलं, कुणी रडलं, बाईंनी सगळ्यांना हसवलं. निघताना त्या तपासणी विभागात आल्या. साहेब उभे राहिले.

"येते," बाई म्हणाल्या.

साहेबांना सांगायचं होतं, की येते म्हणालात तर खरंच या. त्यांनी मान हलवली. बाईंनी ती हललेली मान पाहिली, किंचित हसल्या आणि गेल्या.

पुढच्या महिन्यात फोन आला. मुलगी सुखरूप होती, नात झाली होती. बाई हळू आवाजात बोलत होत्या, बाळ खांद्यावर होतं. नंतर दर रविवारी फोन यायला लागला. साहेब त्यांना मोटारींची खबर द्यायचे. गाठीच्या मोटारींपैकी दहा महिन्यांत एकही परत आली नव्हती. बाई नातीची खबर द्यायच्या. फोन बारा-पंधरा मिनिटांचा असायचा आणि तो आला की साहेबांचा उरलेला आठवडा पुढच्या फोनची वाट बघण्यात जायचा. तुम्ही कधी येताय, हा प्रश्न ते दर वेळी जिभेवर आणून गिळायचे.

एका रविवारी बाई म्हणाल्या, "इथे कोपऱ्यावर मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. भाषा येत नाही मला, पण मी आत जाऊन त्यांच्या कारागिराच्या हातातली कॉइल घेतली आणि भरून दाखवली. आता रोज सकाळी चार तास जाते."

"बरं झालं," साहेब म्हणाले. त्यांना खरंच बरं वाटलं होतं. आणि त्याच वेळी कळलंही होतं, की आता त्या इकडे परतणार नाहीत. फोन संपल्यावर ते तो हातात धरून तसेच बसले.

ताई आतून आली. "काय म्हणाल्या?"

"कामाला लागल्यात तिकडे."

"म्हणजे येत नाहीत."

"नाही."

ताई त्यांच्यासमोर बसली. "बाबांच्या वेळी तुला निघता येत नव्हतं, ते मी समजू शकते. आता कोणी धरून ठेवलंय तुला? मी? मी स्वतःपुरतं बघून घेईन."

"मी तिकडे जाऊन काय करू?"

"ते तिथे गेल्यावर बघ. सगळं आधी मॉडेल करून होत नसतं."

सोमवारी साहेबांनी रजेचा अर्ज भरला. एकवीस दिवस. सत्तावीस वर्षांत इतकी लांब रजा त्यांनी घेतली नव्हती. कचेरीतल्या कारकुनाने अर्ज वरपासून खालपर्यंत पाहिला आणि परत सरकवला.

"कारणाचा रकाना रिकामा आहे, साहेब."

"खाजगी आहे."

"खाजगी पूर्वी चालायचं. आता काहीतरी लिहावं लागतं. आजारपण लिहा, सगळे तेच लिहितात."

साहेबांनी पेन घेतलं. आजारपण लिहिणं सोपं होतं. रांगेत मागे तीन माणसं उभी होती आणि त्यातल्या एकाने घसा खाकरला. झटकेसाहेब नेहमीसारखेच संथपणे वाकले आणि रकान्यात लिहिलं: एका व्यक्तीला भेटायचे आहे. फार उशीर झाला आहे.

कारकुनाने वाचलं, एकदा त्यांच्याकडे बघितलं, आणि शिक्का मारला.